हलका तोच भारी!

बॅग भरली? आता ती एका खांद्याला लावा आणि घरातल्या घरात एक चक्कर मारा. खांदा काय म्हणतोय?

बरोब्बर! ‘तेवढा लॅपटॉप काढ.’

पण लॅपटॉप काढून कसं चालेल? ऑफिसचं मेल आहे, रात्रीची सिरीज आहे, कॅमेऱ्यातले फोटो उतरवून ठेवायचे आहेत. म्हणून आज बोलू या प्रवासाच्या चिमुकल्या, हलक्याफुलक्या लॅपटॉपबद्दल. कुठला घ्यायचा ते सांगणार आहेच, पण आधी थोडी गंमत. कारण या ‘हलक्या’ वस्तूचा इतिहास भलताच वजनदार आहे! ट्रे-टेबल उघडा, निघू या.

अकरा किलोंचा ‘हलका’

माहीत आहे का, जगात पहिल्यांदा धडाक्यात खपलेला ‘पोर्टेबल’ कॉम्प्युटर किती किलोंचा होता? ११! नाव ऑस्बोर्न १, साल १९८१. म्हणजे दहा किलो गव्हाची पिशवी आणि वर किलोभर साखर. दिसायला झाकण लावलेलं शिलाई मशीन. स्क्रीन फक्त ५ इंच, तुमच्या खिशातल्या मोबाइलपेक्षाही लहान.

आणि बॅटरी? आत बॅटरी नव्हतीच! विमानात सीटखाली मावतो याचं केवढं कौतुक. मावायचा खरा, पण सुरू करायचा तर आधी भिंतीतलं सॉकेट शोधा.

आता पुढचा धक्का. हा कॉम्प्युटर काढणारा ॲडम ऑस्बोर्न लहानाचा मोठा कुठे झाला, माहीत आहे का? तमिळनाडूत! जन्म बँकॉकचा, पण आईवडील रमण महर्षींच्या ओढीने तिरुवण्णामलाईला राहिलेले. त्यामुळे पोरगा तमिळ बोलतच वाढला. अमेरिकेत नाव कमावलं, पैसा कमावला, गमावला, आणि शेवटची वर्षं काढायला परत भारतात आला. २००३मध्ये त्याने डोळे मिटले ते कोडाईकनालला.

गमावला कसा? तेही मजेदार आहे. १९८३मध्ये त्याने पुढच्या मॉडेलची बातमी जरा लवकरच फोडली. लोक म्हणाले, मग आताचं कशाला घ्या? विक्री आटली आणि त्याच सप्टेंबरात कंपनीने दिवाळं काढलं. कारणं आणखीही होती असं जाणकार म्हणतात, पण धंद्याच्या भाषेत शब्द कायमचा चिकटला: ‘ऑस्बोर्न इफेक्ट’. ‘थांब रे, दिवाळीला नवीन मॉडेल येतंय’ म्हणत तीन वर्षं जुनाच लॅपटॉप ओढणारा एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. त्याला सांगा, तुझ्या आजाराला नाव आहे!

बाय द वे, ऑस्बोर्नला हसण्याआधी हे ऐका. १९७५मध्ये आयबीएमने ‘पोर्टेबल’ म्हणून जो ५१०० काढला होता, तो भरायचा साधारण २५ किलो. तो उचलायला आधी जिम लावावी लागली असती.

आणि याच सगळ्याच्या आधी, १९७२मध्ये, ॲलन के नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ कागदावर लिहून मोकळा झाला होता की असा कॉम्प्युटर वहीएवढा असावा आणि चार पौंडांच्या आत बसावा. चार पौंड म्हणजे १.८ किलो. त्याने त्याचं नाव ठेवलं डायनाबुक. पुठ्ठ्याचं मॉडेलही केलं. प्रत्यक्षात काही ते आलं नाही, पण आज तुमच्या पाठीवरच्या सॅकमध्ये जे आहे, ते बहुतेक त्याच्या वजनाच्या अटीत बसतं. याला म्हणतात अंदाज!

शिंपल्यासारखा उघड

लॅपटॉप शिंपल्यासारखा उघडतो आणि मिटतो, हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्यालाही कुणीतरी डोकं लावलं असेल असं वाटतच नाही. ते डोकं होतं बिल मॉग्रिज या ब्रिटिश डिझायनरचं. मशीन होतं १९८२चं ग्रिड कंपास. अंग मॅग्नेशियमचं, वजन ५ किलोंच्या आसपास आणि किंमत ८,१५० डॉलर! त्या काळात. एवढे पैसे कोण देणार? नासाने दिले. १९८३मध्ये हा पठ्ठ्या स्पेस शटलमधून अंतराळात जाऊन आला.

म्हणजे घडीच्या लॅपटॉपने विमान-प्रवासाचा जमाना गाजवण्याआधीच पृथ्वीला प्रदक्षिणा घातली होती. गणपतीबाप्पा असते तर म्हणाले असते, उगाच कशाला एवढी धावाधाव?

पेन्सिल सेल टाका, बातमी पाठवा

तुमचा लॅपटॉप किती तास चालतो? आठ? दहा? कॉलर ताठ झाली?

आता खाली घ्या. १९८३चा टीआरएस-८० मॉडेल १०० चार पेन्सिल सेलवर साधारण २० तास चालायचा! सेल संपले? कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणा. वजन १.४ किलो. स्क्रीनवर अवघ्या आठ ओळी दिसायच्या, पण अमेरिकेतल्या बातमीदारांचा तो जीव की प्राण होता. बातमी टाइप करायची, टेलिफोनला जोडायचा आणि कॉपी ऑफिसात. गावोगाव फिरणाऱ्या आपल्या वार्ताहरांना हे सुख कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

एक्स्ट्रा मसाला: या मशीनच्या आतल्या प्रोग्रामचा मोठा भाग खुद्द बिल गेट्सने लिहिला होता. साहेबांनी स्वतः बोटं झिजवलेल्या शेवटच्या शेवटच्या प्रॉडक्टपैकी हे एक.

आणि किलोच्या आतला लॅपटॉप ही काही आजची फॅशन नव्हे. ब्रिटनच्या क्लाइव्ह सिंक्लेअरने १९८०च्या दशकाच्या शेवटी केंब्रिज झेड८८ काढला, एफोर कागदाएवढा आणि वजनाला ९०० ग्रॅमच्या घरात. चार पेन्सिल सेल, रबरी कीबोर्ड, टाइप करताना आवाज जवळपास शून्य. शेजारच्या बर्थवरच्या काकांची झोपमोड नाही. हे फीचर परत का आणत नाहीत कुणी?

सायकलवर ऑफिस!

माहीत आहे का, वर्क फ्रॉम एनीव्हेअरचा आद्य महापुरुष कोण? स्टीव्हन रॉबर्ट्स. १९८३मध्ये हा अमेरिकन माणूस ओहायोमधलं घरदार सोडून निघाला. एक झोपून चालवायची सायकल, वर सोलर पॅनेल आणि सोबत तोच मॉडेल १००. दिवसा पेडल मारायचं, रात्री लेख लिहायचे, टेलिफोनच्या तारेवरून पाठवायचे. पहिल्याच फेरीत १० हजार मैल, म्हणजे १६ हजार किलोमीटर!

इथवर मस्त. पण गड्याला मोह आवरेना. सायकल चालवता चालवता टाइप करता यावं म्हणून हँडलमध्ये बटणं बसवली. मग आणखी कॉम्प्युटर. मग सॅटेलाइटचं कनेक्शन. शेवटी जी सायकल तयार झाली, तिचं वजन भरलं ५८० पौंड. अहो, २६३ किलो! गिअर १०५! तिचं नाव त्याने बेहेमॉथ ठेवलं, आणि त्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतले शेवटचे शब्द होते ‘फक्त फारच जड’. स्वतःवर असं हसता आलं पाहिजे राव.

तुमच्या लॅपटॉप-बॅगेच्या पुढच्या कप्प्यात हात घालून बघा बरं. दोन चार्जर, तीन केबल, एक माउस, एक हब, एक पॉवर बँक, कधीचं तरी च्यवनप्राशचं सॅशे. बेहेमॉथ अशीच सुरू होते.

शिशाचा गोळा आणि नोबेल

१९८९. ॲपलचा मॅकिंटॉश पोर्टेबल. ७.२ किलो! वजनाचं एक मोठं कारण म्हणजे आत शिसं-आम्लाची बॅटरी होती. तीच हो, स्कूटरमध्ये असते त्या जातीची.

पण याही बाबाच्या नावावर एक रेकॉर्ड आहे. ऑगस्ट १९९१मध्ये अटलांटिस यानातून शॅनन ल्युसिड आणि जेम्स ॲडमसन या अंतराळवीरांनी पृथ्वीवर ई-मेल पाठवला. अंतराळातून आलेला पहिला ई-मेल. मशीन? मॅकिंटॉश पोर्टेबल. ७.२ किलोंचं धूड तिथे पिसासारखं तरंगत होतं.

तेव्हा ‘जगातला सगळ्यात हलका लॅपटॉप कुठला’ असं कुणी विचारलं, तर बिनधास्त सांगा: अंतराळ स्थानकावरचा. वजन शून्य! फक्त तिथे एक लोचा आहे. वजनरहित जागेत गरम हवा वर जात नाही, कारण वर-खाली हा प्रकारच नाही. मग लॅपटॉपभोवती ऊब तशीच साचून राहते. तिथे पंखा नसेल तर मशीनचं पोळी-भाजी-केंद्र व्हायचं.

आपल्याला जमिनीवर हलकं कुणी केलं? लिथियम-आयन बॅटरीने. सोनीने ती १९९१मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली. शिशाच्या बॅटरीपेक्षा तेवढ्याच वजनात कितीतरी पट वीज! तिच्यासाठी २०१९मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. नोबेलच्या इतिहासातले सर्वांत वयस्कर विजेते. आडनाव ‘गुडइनफ’, म्हणजे ‘पुरेसा चांगला’, आणि बॅटरी? आपल्याला कधीच पुरत नाही!

दुसरं श्रेय धातूंचं. लोखंडाच्या एका लिटरएवढ्या ठोकळ्याचं वजन ७.८ किलोंच्या आसपास, ॲल्युमिनियमचं २.७, मॅग्नेशियमचं फक्त १.७४. म्हणून हलक्यात हलके लॅपटॉप मॅग्नेशियमचे असतात. हातात घेतल्यावर ते प्लॅस्टिकसारखे वाटतात आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं, ‘एवढे पैसे घेऊन प्लॅस्टिक?’ काका, धातू आहे तो. टिचकी मारून बघा.

बोटं मोठी, बटणं छोटी

आता कळीचा प्रश्न. लॅपटॉप आणखी लहान का करत नाहीत?

उत्तर लॅपटॉपमध्ये नाही, तुमच्या हातात आहे. म्हणजे अगदी शब्दशः! नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून पुढच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर असतात. चिप दरवर्षी लहान होते, माणसाची बोटं नाही होत. अशी बटणं ओळीने मांडली की लॅपटॉपची रुंदी ठरून जाते. म्हणून १२-१३ इंचांखाली गेलं की बटणं दाटीवाटीने बसतात, विरारच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळाल्यासारखी.

तरीही लोकांनी खटपटी काय कमी केल्या? तोशिबाचा लिब्रेटो, १९९६: ६.१ इंचांचा स्क्रीन, ८४० ग्रॅम, विंडोजवाला पूर्ण पीसी! टाइप करायला मात्र बाहुलीची बोटं हवीत. एचपीचा ऑमनीबुक ३००, १९९३: कडेतून चिमुकला माउस टुणकन बाहेर यायचा, एका पट्टीला जोडलेला. वापरा आणि परत आत ढकला, ड्रॉवरसारखा.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे आयबीएमचा थिंकपॅड ७०१सी, १९९५. झाकण उघडलं की कीबोर्डचे दोन तुकडे सरकत, फिरत बाहेर यायचे आणि मशीनपेक्षाही रुंद होऊन बसायचे! लोक त्याला ‘बटरफ्लाय’ म्हणत. जॉन कारिडिस या इंजिनिअरची ही करामत. विक्रीचं म्हणाल तर पुढे स्क्रीनच मोठे झाले, मग असल्या करामतीची गरज उरली नाही. पण न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तो जाऊन बसला. माझं मत विचाराल तर लॅपटॉपच्या दुनियेत याहून देखणी आयडिया झाली नाही.

सोनीचं वेगळंच. २००९च्या व्हायो पीच्या जाहिरातीत मॉडेल जीन्सच्या मागच्या खिशात लॅपटॉप खोचून चालायच्या! वजन ६०० ग्रॅमच्या आसपास, स्क्रीन ८ इंच. खिशात मावला. पण बसायचं कसं?

मग आली नेटबुकची लाट. ऑक्टोबर २००७मध्ये आसुसचा ई-पीसी, ७ इंच, ९२० ग्रॅम, स्वस्त आणि मस्त. दोन-तीन वर्षं जिकडेतिकडे नेटबुक. मग टॅबलेट आले आणि २०१२ सरता सरता आसुसनेही ई-पीसीची गाडी थांबवली. त्या लाटेत मीही हात धुवून घेतले होते बरं का! दहा इंचांचं एक पिटुकलं, कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. पहिल्याच प्रवासात ‘नमस्कार’ लिहायला चार प्रयत्न लागले आणि फाइल उघडेपर्यंत पनवेलचं रोहा झालं.

त्याच वर्षी, २००७मध्ये, एक चिमुकला हिरवा लॅपटॉप महाराष्ट्रातही उतरला होता, माहीत आहे का? ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमाचा एक्सओ. भारतातला पहिला प्रयोग झाला तो कुठल्या आयटी पार्कात नव्हे, तर रायगडच्या कर्जत तालुक्यात, खैराट धनगरवाड्याच्या एका खोलीच्या शाळेत! दोन्ही कडांना सशाच्या कानांसारखे वायफायचे अँटेना, आत पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्क नाही आणि स्क्रीन भर उन्हात वाचता येणारा. आजही हजारो रुपये जास्त मोजून घेतलेल्या कितीतरी लॅपटॉपचा स्क्रीन खिडकीपाशी बसलं की आरसा होतो. धनगरवाड्याची पोरं आपल्यापेक्षा पुढे होती म्हणायची.

पाकिटातून निघाला आणि एक्स-रेत अडकला

१५ जानेवारी २००८. स्टीव्ह जॉब्स स्टेजवर आला, ऑफिसातल्या टपालाचं एक खाकी पाकीट उचललं आणि त्यातून लॅपटॉप काढला. मॅकबुक एअर! १.३६ किलो. टाळ्या!

पण त्याच वर्षी एका अमेरिकन विमानतळावर वेगळाच ड्रामा झाला. सुरक्षा तपासणीत एकाचा एअर एक्स-रेमध्ये गेला आणि कर्मचारी बुचकळ्यात. आत हार्ड डिस्क दिसेना, मागे पोर्ट दिसेनात. हा लॅपटॉपच कसला? चौकशी होईपर्यंत प्रवाशाचं विमान उडून गेलं. ‘एअर’ खाली, बाकी सगळे हवेत!

आता रेकॉर्डचं बोलू. २०१४मध्ये एलजीने पहिला ग्राम काढला, ९८० ग्रॅमचा. नावातच वजन! २०२०मध्ये जपानच्या फुजित्सुने १३.३ इंचांचा लॅपटॉप आणला फक्त ६३४ ग्रॅमचा. अर्ध्या लिटर दुधाची पिशवी घ्या, वर दोन लिंबं ठेवा. झाला लॅपटॉप! आपल्याकडे जिओने २०२३मध्ये ९९० ग्रॅमचा जिओबुक १६,४९९ रुपयांना काढला. तेव्हा हलका म्हणजे महागच, असं काही नाही. फक्त ब्राउझर, मेल आणि मुलांचा अभ्यास एवढ्यापुरतं त्याचं काम, व्हिडिओ एडिटिंगची स्वप्नं बघू नका.

काटा खोटं बोलत नाही

आता गुपित. जाहिरातीतलं वजन कुणाचं असतं? लॅपटॉपचं. आणि चार्जर? तो हिशेबात धरत नाहीत! शिवाय वजनाजवळ बारीक अक्षरांत एक शब्द असतो, ‘पासून’. १.१९ किलोंपासून. म्हणजे सगळ्यात हलकं मॉडेल तेवढं. तुम्ही घेतलेलं मोठ्या बॅटरीचं किंवा टचस्क्रीनचं असेल तर काटा पुढे सरकला.

मी माझा लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. आधी बायको म्हणाली, ‘त्यावर मी केकचं पीठ मोजते.’ मग तिलाही उत्सुकता वाटली. १.३१ किलो. चार्जर, केबल आणि ती अमेरिकन पिनची जाडजूड वायर ठेवली, १.७८! जवळजवळ अर्धा किलो नुसतं शेपूट.

यावर उतारा आहे: यूएसबी-सीचा गॅलियम नायट्राइड चार्जर. दुकानात ‘गॅन’ म्हणून मागा. काडेपेटीच्या मोठ्या भावाएवढा, फोन आणि लॅपटॉप दोन्हींना एकच. युरोपीय संघाने तर कायदाच केला: २८ एप्रिल २०२६पासून तिथे विकायच्या नव्या लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं.

विमानात सात किलोंची चमत्कारिक दुनिया

आपल्याकडे इकॉनॉमीत केबिन बॅगेची मर्यादा साधारण सात किलो. म्हणजे लॅपटॉप, चार्जर आणि पॉवर बँक मिळून अडीच किलो झालं, तर तिसरा हिस्सा गेला की हो! चकल्यांना जागा कुठली?

माहीत आहे का, ॲपलच्या १६ इंची मॅकबुक प्रोची बॅटरी १०० वॉट-अवरलाच का थांबते? कारण विमानात परवानगी न विचारता नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा तेवढीच! मोठ्या लॅपटॉपच्या पोटाचा घेरही विमानप्रवासाच्या नियमाने ठरतो. पॉवर बँकचंही तसंच. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर, चालतं. २७,००० च्या पलीकडे गेलात की गडबड. आणि ती चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हातातच ठेवायची.

मार्च २०१७ आठवतं? अमेरिकेने आठ देशांतल्या १० विमानतळांवरून येणाऱ्यांना फोनपेक्षा मोठं कुठलंही यंत्र केबिनमध्ये न्यायला बंदी केली होती. यादीत दुबई, अबू धाबी, दोहा! मुंबई-पुण्याहून गल्फमार्गे लेकीकडे निघालेल्या कितीतरी आई-बाबांचे लॅपटॉप सामानात गेले. कतार एअरवेजने मग बिझनेस क्लासवाल्यांना प्रवासापुरते लॅपटॉप उसने दिले. जुलैपर्यंत बंदी उठली.

आणि न्यू जर्सीच्या मावसभावाला ‘येताना एक लॅपटॉप घेऊन ये रे’ म्हणणाऱ्यांसाठी: अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला भारतात येताना एक लॅपटॉप ड्यूटी न भरता आणता येतो. एकच! तेव्हा भावाची मुलं मोठी झाली का, याची अशीही चौकशी करता येते.

रेल्वे, घाट आणि खारदुंगला

गाडीतल्या कितीतरी डब्यांत चार्जिंगच्या सॉकेटला ११० व्होल्ट असतात, अमेरिकेसारखे! घाबरू नका. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा: १०० ते २४०. म्हणजे रत्नागिरी असो की रॉचेस्टर, लॅपटॉपला फरक पडत नाही, फक्त पिन बदला. हां, २०२१मध्ये रेल्वेने आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ सॉकेट बंद ठेवायचं ठरवलं होतं. तेव्हा रात्रीच्या गाडीत सॉकेटच्या भरवशावर बसू नका. आणि कोकण रेल्वेने जाणार असाल तर सिनेमा आधी डाउनलोड करा. एकटा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. हीरोइन नेमकी तिथेच ‘मी सांगते खुनी कोण’ म्हणते.

आता एक भारी गोष्ट. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं वाचणारं टोक तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ गादीवर तरंगतं. हवा विरळ झाली की गादी बसली! म्हणून अशा डिस्कना साधारण ३ हजार मीटर उंचीची मर्यादा असते. लेह किती? ३,५०० मीटर. खारदुंगला ५,३५९! कळसूबाई १,६४६, तिथे निवांत. विमान ११ हजार मीटरवर उडतं खरं, पण केबिनमधली हवा २,४०० मीटरच्या हिशेबाने दाबून ठेवलेली असते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे लडाखला जायचं तर एसएसडीच.

माथेरानला? दस्तुरी नाक्यापासून पुढे मोटार नाही. वजनाचा खरा निकाल तिथे लागतो.

मांडीवर घ्या, पण बेतानं

नाव लॅपटॉप, जागा मांडी. पण तासन्‌तास गरम लॅपटॉप मांडीवर ठेवला की कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठू शकतात. डॉक्टर त्याला एरिथेमा ॲब इग्ने म्हणतात. असेच डाग काश्मिरात कांगडी कुशीत घेऊन बसणाऱ्यांच्या अंगावर पूर्वापार दिसत आलेत. तेव्हा खाली एक जाड पुस्तक ठेवा. दिवाळी अंकही चालेल, जाडी भरपूर असते.

‘मिलिटरी ग्रेड’ असं लिहिलेलं बघून छाती फुगते ना? अमेरिकन लष्कराची ही मिल-स्टँडर्ड ८१० कसोटी १९६२पासूनची आहे. पण लॅपटॉपची चाचणी लष्कर घेत नाही, कंपनीच घेते किंवा करवून घेते. त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या, तेही तीच ठरवते. परीक्षा, पेपर आणि निकाल एकाच घरात!

आणि मराठीत लिहिणाऱ्यांनो, बटणांवर देवनागरी छापलेली नसली तरी अडत नाही. भारत सरकारने प्रमाण ठरवलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये आतच असतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. पंधरा दिवस बोटं रडतात, मग पळतात.

घ्यायचा कुठला मग?

१३ ते १४ इंच. याखाली बोटं भांडतात, यावर पुढच्याने सीट मागे केली की स्क्रीन आडवा. वजन १.३ किलोच्या आत, चार्जरसकट १.६. स्क्रीन १६:१० प्रमाणाचा घ्या, लिहिताना दोन ओळी जास्त दिसतात. त्याचा पृष्ठभाग मॅट, चकचकीत नको. रॅम १६ जीबी पहिल्याच दिवशी, कारण बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच जोडलेली असते आणि नंतर वाढत नाही. बॅटरी वॉट-अवरमध्ये विचारा, तासांमध्ये नको. साध्या कामाला ताशी सहा-सात वॉट-अवर धरा: ५० वॉट-अवर म्हणजे सात-आठ तास, मुंबईहून मडगावपर्यंत बऱ्यापैकी. चार्जिंग यूएसबी-सीनेच, आणि पोर्ट दोन हवेत. २०१५मध्ये ॲपलने ९२० ग्रॅमचा सुंदर मॅकबुक काढला होता, त्याला एकच पोर्ट! चार्ज करा नाहीतर पेनड्राइव्ह लावा. हबचं वजन वेगळं.

दुकानात गेलात की सेल्समनला चार्जर पण काट्यावर ठेवायला लावा. तो हसेल. हसू द्या. मग लॅपटॉप एका हाताने, कोपऱ्याला धरून उचला आणि उभ्याउभ्या एक मेल टाइप करा. जमलं तर घ्या.

आणि उद्या पहाटेच्या गाडीचं रिझर्व्हेशन असेल, तर हे वाचत काय बसलात? उठा, आधी लॅपटॉप चार्जिंगला लावा!